विद्यार्थ्याची चूक आणि अध्ययनाच्या उपपत्ती

अध्ययन म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शिक्षकाजवळ असते. ते त्याने कधी शब्दांत मांडलेले असो वा नसो. पाठाचे टाचण काढताना, फळ्यावर उदाहरण लिहिताना, गृहपाठ नेमून देताना तो या उत्तराच्या आधारेच वागत असतो. परंतु हे उत्तर सर्वांत स्पष्टपणे प्रकट होते ते विद्यार्थी चुकतो त्या क्षणी. पहिलीतील एखादे मूल "मी काम करलं" असे म्हणाले, की एक शिक्षक त्याला रागे भरतो, दुसरा "केलं, केलं, केलं" असे त्याच्याकडून दहा वेळा घोकून घेतो, तिसरा "असं का, काम केलंस? कोणतं केलंस?" असे म्हणून संभाषण पुढे नेतो, आणि चौथा मनाशी नोंद करतो की, भूतकाळाचा प्रत्यय कसा लावावयाचा हे या मुलास उमगले आहे. या चौघांच्या वर्तनातील भेद निव्वळ स्वभावभेद नव्हे. चूक म्हणजे काय व ती कोठून उद्भवते, याविषयी चौघांच्या कल्पना भिन्न आहेत आणि त्या कल्पनांच्या मुळाशी अध्ययनाच्या भिन्न उपपत्ती आहेत.

प्रस्तुत लेखात भाषाशिक्षणाच्या क्षेत्रातील प्रमुख उपपत्तींचा, त्यांनी चुकीला दिलेल्या स्थानाच्या अनुरोधाने, विचार करावयाचा आहे. भाषेचे क्षेत्र निवडण्यास कारण असे की, येथे चूक उच्चारली वा लिहिली जाते. ती टिपून ठेवता येते, आणि तिचे पृथक्करण करण्याची साधने भाषाशास्त्राजवळ तयार आहेत. उपपत्ती आणि वर्गातील व्यवहार यांचा सांधा नेमका कोठे जुळतो, हे येथे इतर विषयांपेक्षा अधिक स्वच्छ दिसते.

१. पाठांतराची परंपरा

आपल्याकडील सर्वांत जुनी आणि आपल्या परीने सर्वांत परिपूर्ण अशी अध्यापनपद्धती म्हणजे वेदपठणाची. संहिता, पद, क्रम, जटा, घन इत्यादी पाठांमध्ये तेच शब्द सुलट व उलट क्रमाने, जोडीजोडीने पुन्हा पुन्हा उच्चारले जातात. या रचनेचा हेतू उघड आहे. एखादा शब्द गळला, एखादा स्वर बदलला, तर पाठाच्या वीणीतच ते उघडकीस यावे. येथे अध्ययन म्हणजे मूळ नमुन्याची यथातथ्य पुनरावृत्ती, आणि चूक म्हणजे त्या नमुन्यापासून झालेले विचलन. मंत्राचे सामर्थ्य त्याच्या उच्चारात मानले गेल्यामुळे अशा विचलनाला क्षमा असू शकत नव्हती. साध्य ध्यानात घेतले म्हणजे हे साधन त्यास सर्वथा अनुरूप होते, असेच म्हणावे लागते.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर मुळाक्षरे गिरविणे, बाराखड्या म्हणणे, पाढे आणि पावकी-निमकी पाठ करणे हा जो क्रम होता, त्यातही अध्ययनाची हीच कल्पना अनुस्यूत होती. पाढ्यांच्या बाबतीत ती आजही गैरलागू म्हणता येणार नाही. अडचण उत्पन्न होते ती अन्यत्र. ज्या विषयात विद्यार्थ्याने पूर्वी कधी न ऐकलेले वाक्य स्वतः तयार करावे अशी अपेक्षा असते, तेथेही तोच मापदंड लावला, की प्रत्येक नवे वाक्य हे संभाव्य विचलन ठरते. निबंधदेखील पाठ करून लिहिण्याची जी प्रथा शाळांतून रुजली, तिचा उगम विद्यार्थ्यांच्या आळसात शोधण्यापेक्षा या मापदंडात शोधणे अधिक युक्त होईल.

२. सवयीची उपपत्ती

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्राने अध्ययनाला सवयीचे स्वरूप दिले. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेले मांजरांवरील प्रयोग या विचाराचा आरंभबिंदू मानले जातात. पिंजऱ्यात कोंडलेले मांजर सुटकेसाठी नाना हालचाली करते. त्यांपैकी एखादीने योगायोगाने खिटी उघडते. प्रयोगाच्या पुनरावृत्तीबरोबर निरुपयोगी हालचाली गळत जातात व उपयोगी हालचाल दृढ होते. समाधान देणारा परिणाम संबंध दृढ करतो आणि क्लेश देणारा परिणाम तो शिथिल करतो, असा नियम त्यांनी सांगितला. पुढे १९३० च्या सुमारास माणसांवर केलेल्या प्रयोगांवरून त्यांनी या नियमाचा उत्तरार्ध मागे घेतला. शाबासकीने योग्य प्रतिसाद जसा दृढ होतो तसा शिक्षेने अयोग्य प्रतिसाद शिथिल होत नाही, असे त्यांना दिसून आले. शाळांतील छडीला या दुरुस्तीची वार्ता मात्र फार उशिरा लागली.

जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये वर्तनवादाची घोषणा केली, आणि लेनर्ड ब्लूमफील्ड यांच्या १९३३ मधील भाषाविषयक ग्रंथाने ती दृष्टी भाषाशास्त्रात प्रतिष्ठित केली. भाषा ही सवयींची व्यवस्था आहे, हे एकदा मान्य केले की अध्यापनविषयक निष्कर्ष ओघानेच येतात. योग्य सवय आवृत्तीने लागते. म्हणून तेच वाक्य अनेक वेळा म्हणून घ्यावयाचे. अयोग्य सवयही आवृत्तीनेच लागते. म्हणून चुकीचे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडून एकदाही निघू द्यावयाचे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यासाठी चालविलेल्या भाषावर्गांत, आणि मिशिगन येथे चार्ल्स फ्रीझ यांनी उभारलेल्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात हे निष्कर्ष प्रत्यक्षात आले. बी. एफ. स्किनर यांनी १९५४ पासून पुरस्कारलेल्या क्रमबद्ध स्वयंअध्ययनात तर पायऱ्या इतक्या लहान ठेवलेल्या असत की विद्यार्थ्याने सहसा चुकूच नये. नेल्सन ब्रुक्स यांनी १९६० मध्ये चुकीची तुलना पापाशी केली: ते घडणार हे गृहीत धरावयाचे, पण टाळावयाचेही.

ब्रिटिश परंपरेचा मार्ग काहीसा वेगळा असला तरी तीही याच मुक्कामी पोहोचली. जपानमध्ये कार्य केलेल्या हॅरॉल्ड पामर यांनी १९२१ मधील ग्रंथात भाषाध्ययन म्हणजे सवयी जडविणे असे प्रतिपादिले होते. त्यांनी रूढ केलेले पर्यायकोष्टक हे या विचाराचे बोलके उदाहरण होय. पहिल्या रकान्यात कर्ते, दुसऱ्यात क्रियापदे, तिसऱ्यात कर्मे; कोणत्याही रकान्यातून कोणताही शब्द घ्यावा, तयार होणारे वाक्य शुद्धच. चुकण्याची संधीच तेथे ठेवलेली नाही. भारतात स्वातंत्र्योत्तर काळात अनेक राज्यांनी इंग्रजीसाठी वाक्यरचनाधिष्ठित अभ्यासक्रम स्वीकारले. १९५८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेली केंद्रीय इंग्रजी संस्था आणि १९६३ मध्ये बंगलोर येथे सुरू झालेली प्रादेशिक संस्था यांनी शिक्षकांना या पद्धतीचे प्रशिक्षण दिले.

या उपपत्तीचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. तिने वर्गात बोलण्याला स्थान मिळवून दिले. वाक्यरचनांची सोप्याकडून कठिणाकडे अशी मांडणी केली. आणि ज्याचे स्वतःचे इंग्रजी बेताचे होते अशा ग्रामीण शिक्षकाच्या हाती एक निश्चित साधन दिले. याखेरीज तिच्यातून एक उपयुक्त शास्त्रीय कल्पना पुढे आली. नवी भाषा शिकताना जुन्या भाषेच्या सवयी आड येतात. तेव्हा दोन भाषांची तुलना करून कोठे अडेल हे आधीच सांगता यावे, असे रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये मांडले. हिंदी भाषकाच्या मराठीत या विधानाचा प्रत्यय पदोपदी येतो. "मैंने आम खाया" या सवयीने तो "मीने आंबा खाल्ला" म्हणतो, कारण मराठीत प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनामांना येथे 'ने' लागत नाही. हिंदीत 'पुस्तक' स्त्रीलिंगी असल्याने तो "माझी पुस्तक" म्हणतो. आणि हिंदीत 'हम' हे एकच सर्वनाम असल्यामुळे समोरच्या माणसास बरोबर नेण्याच्या हेतूनेही तो "आम्ही सगळे जाऊ" असे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्या मराठी माणसाला आपण वगळले गेलो असे वाटते. पुण्यातील पश्चिम विभागीय भाषाकेंद्रात १९७० पासून परप्रांतीय शिक्षकांना मराठी शिकविली जाऊ लागली. अशा अध्यापनात या तुलनेचे मोल मोठे आहे.

३. नियमाची उपपत्ती

परंतु सर्व चुकांचा उलगडा या मार्गाने होत नाही. तोच हिंदी भाषक 'गेला' ऐवजी 'जाला' आणि 'केले' ऐवजी 'करले' म्हणतो, तेव्हा त्या चुकीचे खापर हिंदीवर फोडता येत नाही. हिंदीत 'गया' आणि 'किया' ही रूपे अनियमितच आहेत. त्यांच्या सवयीने मराठीतील अनियमित रूप उलट सुलभ व्हावयास हवे होते. शिवाय हीच रूपे मराठी घरात जन्मलेले लहान मूलही बनविते, आणि त्याच्याजवळ तर आड येणारी दुसरी भाषाच नसते. त्याने ही रूपे कोणाचे अनुकरण करून उचलली, असेही म्हणता येत नाही, कारण त्याच्या सभोवारचे कोणीही 'करलं' म्हणत नाही. अनुकरण नाही, आवृत्ती नाही, शाबासकी नाही. आणि तरीही रूप तयार होते. सवयीच्या उपपत्तीला हा प्रश्न सुटत नाही.

त्याचे उत्तर असे की, 'बसला', 'उठला', 'धावला', 'वाचलं' ही रूपे ऐकून मुलाने एक नियम बांधला आहे, आणि तो नियम ते निष्ठेने पाळीत आहे. चूक मुलाची नसून भाषेतील अपवादाची आहे, असेही गमतीने म्हणता येईल. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये इंग्रजी भाषक बालकांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे मनःकल्पित नाव सांगितले, आणि असे दोन प्राणी दाखवून वाक्य पुरे करावयास सांगितले. पूर्वी कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन बालकांनी बिनचूक केले. पुढील वर्षी, म्हणजे १९५९ मध्ये, नोम चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या भाषाविषयक ग्रंथाचे विस्तृत परीक्षण लिहिले. मर्यादित अनुभवातून अमर्याद नवी वाक्ये निर्माण करण्याची मानवी शक्ती चेतक आणि प्रतिसाद यांच्या परिभाषेत सामावत नाही, हे त्यांनी आग्रहाने मांडले.

मानसशास्त्रातही या सुमारास दुसरा एक प्रवाह बळावत होता. ज्याँ प्याजे यांनी तरुणपणी पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांवर काम करीत असताना बालकांच्या बरोबर उत्तरांपेक्षा त्यांच्या चुकीच्या उत्तरांकडे अधिक लक्ष दिले. ठराविक वयाची मुले ठराविक प्रकारे चुकतात, असे त्यांच्या निदर्शनास आले, आणि चुकीमागे बालकाचा स्वतंत्र तर्क असतो या विचाराचे बीज तेथे पडले. लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी बालकाला एकट्याने जे जमते आणि जाणत्याच्या मदतीने जे जमते, यांमधील अंतर हेच शिकविण्याचे खरे क्षेत्र होय असे सांगितले. त्या दृष्टीने पाहता चूक ही या क्षेत्राची सीमारेषा दाखविणारी खूण ठरते.

भाषाशिक्षणात या विचारांचा मेळ घातला तो पिट कॉर्डर यांच्या १९६७ मधील लेखाने. थकवा, घाई, विसर यांमुळे घडणारी घसरण ही एक गोष्ट. विद्यार्थ्याच्या त्या वेळच्या भाषाज्ञानातून नियमाने उद्भवणारी चूक ही दुसरी. पहिली तो स्वतः सुधारू शकतो. दुसरी त्याला चूक म्हणून जाणवतच नाही. या दुसऱ्या प्रकारच्या चुका शिक्षकाला विद्यार्थ्याची प्रगती दाखवितात, संशोधकाला अध्ययनाची प्रक्रिया दाखवितात, आणि स्वतः विद्यार्थ्याला आपल्या नियमाची कसोटी घेण्याचे साधन पुरवितात. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये विद्यार्थ्याच्या या बदलत्या व्यवस्थेला स्वतंत्र भाषेचा दर्जा देऊन तिला नाव दिले. मराठीत तिला 'मध्यभाषा' म्हणता येईल: ना मातृभाषा, ना लक्ष्यभाषा; परंतु स्वतःचे नियम असलेली.

यातून निघणारा एक निष्कर्ष शिक्षकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मूल प्रथम 'केलं' म्हणते ते ऐकून उचललेले असते; नंतर 'करलं' म्हणते ते नियम सापडल्यामुळे; आणि शेवटी पुन्हा 'केलं' म्हणते ते नियम व अपवाद दोन्ही कळल्यामुळे. बाहेरून पाहणाऱ्यास मधली अवस्था ही पीछेहाट वाटते. वस्तुतः ती प्रगती असते. आधी बरोबर लिहिणारा विद्यार्थी आता चुकू लागला, एवढ्यावरून तो बिघडला असा निर्णय करणे म्हणूनच धोक्याचे आहे. नियमाची ही ओढ बालकांपुरती मर्यादित नाही, हेही जाता जाता नमूद केले पाहिजे. 'म्हटलं' या रूपाच्या जागी 'म्हणलं' हे रूप सुशिक्षित प्रौढांच्या बोलण्यातही सर्रास ऐकू येते.

४. बंगलोरचा प्रयोग

नव्या उपपत्तीने शिक्षणव्यवहार कसा बदलावा, याचा एक महत्त्वाचा प्रयोग भारतातच झाला. एन. एस. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत इंग्रजीचे अध्यापन वाक्यरचनांच्या क्रमावर न आधारता कृतींवर आधारण्यात आले. आगगाडीचे वेळापत्रक वाचून सोयीची गाडी ठरविणे, नकाशावरून मार्ग शोधणे, दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढणे, अशा त्या कृती असत. प्रथम तशाच प्रकारची एक कृती शिक्षक सर्व वर्गाबरोबर प्रश्नोत्तरांनी सोडवीत असे; नंतर विद्यार्थी दुसरी कृती स्वतः करीत. लक्ष अर्थावर असताना व्याकरणाची व्यवस्था मनात नकळत घडत जाते, ही त्यामागील उपपत्ती होती.

येथे चुकीला दिलेली वागणूक विशेष लक्षणीय आहे. विद्यार्थ्याचे उत्तर प्रथम आशयावरून जोखले जाई. गाडीची वेळ बरोबर असेल आणि वाक्य अशुद्ध असेल, तर शिक्षक उत्तर मान्य करून ते शुद्ध रूपात पुन्हा म्हणत असे व पुढे जात असे. घरात मोठी माणसे लहान मुलांशी बोलताना करतात तसेच. त्या चुकीवरून व्याकरणाचा पाठ सुरू करावयाचा नाही, तिच्यासाठी घोकंपट्टी घ्यावयाची नाही, असा संकेत होता. दुरुस्ती वर्ज्य नव्हती. ती प्रसंगापुरती होती.

१९८४ मध्ये झालेल्या मूल्यमापनाचे निष्कर्ष पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. रचनांच्या चाचणीत जुन्या पद्धतीचे वर्ग, तर कृतींच्या चाचणीत प्रयोगातील वर्ग सामान्यतः सरस ठरले. कोणत्याही एका पद्धतीला झुकते माप न देणाऱ्या चाचण्यांत बहुधा प्रयोगातील वर्ग पुढे राहिले. तथापि हे वर्ग मुळात समान घेतलेले नसल्याने मूल्यमापनकर्त्यांनी निष्कर्ष सावधपणे मांडले, आणि ती सावधगिरी उचितच होती. या प्रयोगातून एवढे निश्चित दिसले की, प्रत्येक चूक जागच्या जागी खोडली नाही म्हणून विद्यार्थ्यांची भाषा कोसळत नाही.

५. दुसरे टोक

एका टोकाकडून निघालेला विचार दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतो, असा अनुभव शिक्षणाच्या इतिहासात वारंवार येतो. स्टीफन क्रॅशन यांनी १९८० नंतरच्या काळात असे प्रतिपादिले की, समजेल अशी भाषा भरपूर कानांवर व डोळ्यांसमोर आली की ती आत्मसात होते. जाणीवपूर्वक दुरुस्तीचा उपयोग नाममात्र. पुष्कळ शिक्षकांना हा सुटकेचा निःश्वास वाटला. परंतु कॅनडातील वर्गांनी या बाबतीत सावध केले. तेथे इंग्रजी भाषक मुलांना सर्व विषय फ्रेंचमधून शिकविण्याचा उपक्रम १९६५ पासून चालू होता. अनेक वर्षांच्या सहवासानंतर या मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागले. पण बोलण्यालिहिण्यात लिंग आणि क्रियापदरूपे यांच्या चुका टिकून राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावरून असा निष्कर्ष काढला की, समजणे पुरेसे नाही. नेमके बोलावे-लिहावे लागेल अशी गरज निर्माण झाली पाहिजे.

त्याच देशातील अशा वर्गांचे ध्वनिमुद्रण अभ्यासून लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ मध्ये आणखी एक उद्बोधक गोष्ट दाखविली. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक दुरुस्त्या शुद्ध वाक्य सहज पुन्हा म्हणण्याच्या स्वरूपाच्या होत्या. पण विद्यार्थ्याने स्वतःहून आपले वाक्य सुधारण्याचे प्रमाण नेमके याच प्रकारात कमी होते. शिक्षकाने दुजोरा दिला की दुरुस्ती केली, हेच विद्यार्थ्याला कळत नसे. याउलट "काय म्हणालास?", "पुन्हा सांग पाहू" अशा पृच्छेने विद्यार्थी आपल्या वाक्याकडे वळून पाहत असे. बंगलोरच्या प्रयोगातील सौम्य दुरुस्ती आणि हा निष्कर्ष यांत विरोध दिसला तरी तो अपरिहार्य नाही. अर्थ चालू ठेवावयाचा असेल तेव्हा पहिला मार्ग योग्य. नियमाकडे लक्ष वेधावयाचे असेल तेव्हा दुसरा.

६. मराठीच्या वर्गात

आता या सर्व विवेचनाचा मराठीच्या अध्यापनाशी संबंध जोडून पाहू. विद्यार्थ्याच्या वहीत लाल शाईने खुणावलेल्या ज्या गोष्टींना सरसकट 'चूक' म्हटले जाते, त्यांत निदान चार भिन्न गोष्टी असतात.

पहिली म्हणजे घसरण. विद्यार्थ्याने एका ओळीत 'विद्यार्थी' शुद्ध लिहिला आणि पुढच्या ओळीत रफार विसरला. येथे शिकविण्यासारखे काही नाही; लिहिलेले पुन्हा वाचण्याची सवय लावणे एवढेच पुरे.

दुसरी म्हणजे नियमाचा अतिरेक. 'आणी' हे याचे उत्तम उदाहरण. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनुसार कवी, गुरू, पाटी, वाळू अशा शब्दांतील अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहावयाचा. 'आणि' व 'नि' ही अव्यये अपवाद. 'आणी' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने नियम आत्मसात केलेला आहे, अपवाद मात्र अद्याप नाही. त्याला 'तुला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही' असे सांगणे हे वस्तुस्थितीच्या नेमके उलट होय. "नियम बरोबर लावलास, हे दोन शब्द तेवढे त्यातून सुटतात" एवढे वाक्य येथे शंभर वेळा लिहून घेण्यापेक्षा अधिक काम करील.

तिसरी म्हणजे अन्य भाषेचा ठसा. 'मीने' आणि 'माझी पुस्तक' ही उदाहरणे वर आलीच आहेत. येथे दोन्ही भाषांतील रचना शेजारीशेजारी मांडून भेद दाखविणे फलदायी ठरते, कारण विद्यार्थ्याला आपण का चुकतो हे कळते व मातृभाषेविषयी लाज वाटण्याचेही कारण उरत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक, आणि वस्तुतः ती चूकच नव्हे. विदर्भातील मूल "मी जाऊन राहिलो" म्हणते. कोठे 'पाणी' ऐवजी 'पानी', 'आहे' ऐवजी 'हाय' म्हटले जाते. ही रूपे अपुऱ्या अध्ययनातून आलेली नाहीत. ती त्या त्या बोलीच्या पूर्ण आणि शिस्तबद्ध व्यवस्थेतून आलेली आहेत. वऱ्हाडीतील 'जाऊन राहिलो' हे रूप कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, चालू क्रियेसाठीच वापरले जाते, आणि त्याचे नियम लहान मुलासही ठाऊक असतात. विल्यम लाबाव यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीविषयी हेच दाखवून दिले होते: प्रमाण रूपाहून भिन्न असलेली बोली ही तर्कशून्य नसते, तिचे व्याकरण वेगळे असते.

सवयीच्या उपपत्तीने येथे केवढा अनर्थ होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. भाषा म्हणजे सवय आणि चूक म्हणजे वाईट सवय, हे एकदा ठरले की आईकडून शिकलेली संपूर्ण भाषा ही उपटून काढावयाची वाईट सवय ठरते. त्या मुलाच्या प्रत्येक वाक्याला दुरुस्ती येते. आणि प्रत्येक वाक्याला दुरुस्ती येऊ लागली की शहाणे मूल एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे गप्प बसणे. गप्प बसलेल्या मुलाच्या चुका होत नाहीत, त्यामुळे शिक्षकाला काही काळ यश आल्यासारखे वाटते. परंतु ज्यातून ते शिकणार होते ते साधनच बंद झालेले असते. नियमाच्या उपपत्तीने पाहणारा शिक्षक त्या मुलाला दुसरे नियम शिकवितो, पहिले पुसत नाही. "घरी आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात" असे म्हणण्यात प्रमाणभाषेचा आग्रह यत्किंचितही कमी होत नाही. मुलाला दोन व्यवस्थांची जाणीव होते, आणि अशी जाणीव हे व्याकरणशिक्षणाचे पहिले पाऊल आहे. वारली, कोरकू वा गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर मराठी ही दुसरीच भाषा असते. त्यांच्या मराठीतील चुका मराठी भाषक मुलाच्या मापाने मोजणे हा केवळ अन्याय होय.

७. समारोप

गेल्या काही दशकांत अध्ययनविषयक अधिकृत भूमिका पुष्कळ पालटली आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञानाची रचना करते हे तत्त्व स्वीकारले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली आणि भयमुक्त वातावरणाची अपेक्षा व्यक्त केली. महाराष्ट्रात २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या निमित्ताने 'ज्ञानरचनावाद' हा शब्द खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोहोचला. शब्द पोहोचला म्हणजे उपपत्ती पोहोचली असे मात्र नव्हे. भिंती रंगल्या, जमिनीवर अक्षरचक्रे आली, गटकार्य सुरू झाले. पण मूल "करलं" म्हणताच वर्गात जर पूर्वीचेच घडत असेल, तर तेथे अजून जुनीच उपपत्ती नांदत आहे असे समजावे. परीक्षेत प्रत्येक अशुद्ध शब्दामागे गुण कापले जात असतील, तर विद्यार्थी धोका पत्करून नवे वाक्य लिहिण्याऐवजी तीनच शब्दांचे पाठ वाक्य लिहील, आणि त्याचा हा हिशेब व्यवहारदृष्ट्या बरोबरच असेल.

प्रभू यांनी १९९० मध्ये असे मत मांडले की, सर्वश्रेष्ठ अशी एकच अध्यापनपद्धती नसते. आपण करतो त्याने विद्यार्थी कसा शिकतो याची शिक्षकाला स्वतःला येणारी प्रचीती हीच पद्धतीचा प्राण होय. या मताला एक पुस्ती जोडावीशी वाटते. प्रचीती तपासण्याचे साधन शिक्षकाच्या हाताशी रोज असते, आणि ते म्हणजे विद्यार्थ्यांच्या वह्या. एका आठवड्याच्या वह्यांतील चुका वर सांगितलेल्या चार प्रकारांत विभागून पाहिल्या, तर लाल शाईचा किती भाग घसरणींवर, किती बोलीवर आणि किती खऱ्या अर्थाने शिकविण्याजोग्या गोष्टींवर खर्च झाला, हे त्याचे त्यालाच दिसेल. शिक्षकप्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत उपपत्तींची नावे व सनावळ्या पाठ करून घेण्याऐवजी अशा वह्यांचे पृथक्करण करून घेतले, तर भाषाशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांचा वर्गाला प्रत्यक्ष उपयोग होईल.